भारतातील प्लेगची साथ (१९९४)

भारतातील १९९४ची प्लेगची साथ ही ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९४ या काळात प्रामुख्याने महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत उद्भवलेली सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी होती. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात गाठीच्या (ग्रंथिक) प्लेगचे आणि गुजरातमधील सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले. भारतात १९६६ नंतर मानवी प्लेगची नोंद नव्हती. त्यामुळे जवळजवळ तीन दशकांनी आलेल्या या साथीने देशात व परदेशांत मोठी खळबळ उडाली. रोगावर परिणामकारक औषधे उपलब्ध होती आणि साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. परंतु निदानाला झालेला विलंब व अधिकृत माहितीतील विसंगती यांमुळे भीती रोगापेक्षा वेगाने पसरली. देशातील रोगसर्वेक्षण व्यवस्थेची पुनर्रचना होण्यास ही साथ महत्त्वाचे कारण ठरली.

पूर्वपीठिका

प्लेग हा महाराष्ट्राला अपरिचित रोग नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर हा रोग पुणे व देशाच्या इतर भागांत पसरला आणि पुढील काही दशकांत भारतात एक कोटीहून अधिक माणसे त्याला बळी पडली. या साथीच्या निमित्ताने ब्रिटिश सरकारने १८९७ साली साथरोग अधिनियम केला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या कारकिर्दीत झालेल्या घरझडत्यांमुळे जनतेत तीव्र असंतोष पसरला. त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर केलेल्या हल्ल्यात झाली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने निधन झाले. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी हाफकिन संस्था १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून परळ येथे सुरू झाली.

ग्रामीण भागात या रोगाची खूण लोकांना अनुभवाने ठाऊक झाली होती. 'उंदीर पडू लागले' की गाव सोडून शेतात किंवा माळावर झोपड्या घालून राहण्याची रीत होती. पुढे कीटकनाशके व प्रतिजैविके आली, रोग ओसरला आणि प्लेगवर लक्ष ठेवणारी यंत्रणाही हळूहळू क्षीण झाली.

रोगाचे स्वरूप

प्लेग हा येर्सिनिया पेस्टिस या जिवाणूमुळे होतो. तो मुळात उंदीर व तत्सम कुरतडणाऱ्या प्राण्यांचा रोग आहे. रोगी उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरील पिसवा दुसरा आश्रय शोधतात आणि त्यांच्या चाव्यातून रोग माणसापर्यंत पोचतो. अशा वेळी जांघेत, काखेत किंवा मानेत वेदनायुक्त गाठ येते व जोराचा ताप भरतो. हा गाठीचा प्लेग होय. जंतू फुप्फुसात गेल्यास खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांवाटे तो एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होऊ शकतो. फुप्फुसाचा प्लेग उपचारांविना जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन यांसारखी प्रतिजैविके लक्षणे दिसताच दिल्यास बहुतेक रुग्ण वाचतात. म्हणून या रोगात पहिल्या दिवसाचे महत्त्व फार मोठे असते.

घटनाक्रम

बीड जिल्हा

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत मोठी प्राणहानी झाली. शेजारच्या बीड जिल्ह्यालाही धक्के जाणवले. भूकंपानंतर अनेक ठिकाणी लोक घरे सोडून उघड्यावर किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहू लागले. मागे राहिलेल्या धान्यावर उंदरांची संख्या वाढली व रानातील उंदरांचा रोग घरातील उंदरांत शिरला, असे अनुमान पुढे मांडण्यात आले.

ऑगस्ट १९९४च्या सुरुवातीस बीड जिल्ह्यातील मामला या गावात उंदीर मरत असल्याच्या व पिसवा वाढल्याच्या तक्रारी आल्या. २६ ऑगस्टपासून गाठ व ताप असलेले संशयित रुग्ण आढळू लागले. आरोग्य खात्याने गावात कीटकनाशकांची फवारणी केली आणि रुग्णांना व त्यांच्या निकटच्या माणसांना प्रतिजैविके दिली. गाठीचा प्लेग लवकर ओळखला गेल्याने येथे रोगाने उग्र रूप धारण केले नाही.

सुरत

सप्टेंबरमध्ये तापी नदीच्या पुराचे पाणी सुरतच्या सखल वस्त्यांत शिरले होते. पूर ओसरल्यावर मेलेली जनावरे व कचरा अनेक ठिकाणी पडून राहिला. १८ सप्टेंबरला गणेश विसर्जनासाठी मोठी गर्दी झाली. त्यानंतर दोन-तीन दिवसांत ताप, खोकला व रक्तमिश्रित थुंकी अशी लक्षणे असलेले रुग्ण रुग्णालयात येऊ लागले आणि काहींचा अल्पावधीत मृत्यू झाला. वेड रोड परिसरातील दाट कामगार वस्तीत रुग्णांचे प्रमाण अधिक होते. सुरतच्या कापड व हिरे उद्योगांत खानदेशासह महाराष्ट्रातून गेलेले अनेक कामगार असल्याने या बातमीचे पडसाद महाराष्ट्रात तत्काळ उमटले.

फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरताच काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत अनेक खाजगी डॉक्टरही होते. शेकडो मृत्यू झाल्याच्या अफवा पसरल्या. टेट्रासायक्लिनचा साठा दुकानांतून संपला. सुरतहून येणाऱ्या प्रवाशांची तपासणी इतर शहरांच्या रेल्वे स्थानकांवर सुरू झाली.

केंद्र व राज्य यांच्या जबाबदाऱ्या

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे. बंदरांवरील विलगीकरण संघसूचीत येते, तर सांसर्गिक रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नये यासाठी करावयाचे उपाय समवर्ती सूचीत आहेत. त्यामुळे गावातील फवारणी, रुग्णालयातील खाटा व औषधवाटप ही कामे राज्य सरकारे, जिल्हा परिषदा व महानगरपालिका यांच्याकडे असतात. तज्ज्ञ पथके, संदर्भ प्रयोगशाळा, राज्याराज्यांतील समन्वय, विमानतळांवरील तपासणी आणि इतर देशांशी व जागतिक आरोग्य संघटनेशी व्यवहार ही जबाबदारी केंद्राकडे येते. राष्ट्रीय पातळीवर साथीचा मुकाबला करणाऱ्या नेतृत्वाला थेट आदेश देण्यापेक्षा अनेक यंत्रणांना एका माहितीच्या आधारे एकाच दिशेने चालवावे लागते. १९९४ साली नेमकी ही एकवाक्यता अपुरी पडली.

राष्ट्रीय प्रतिसाद

साथीच्या वेळी पी. व्ही. नरसिंह राव हे पंतप्रधान, तर बी. शंकरानंद हे केंद्रीय आरोग्यमंत्री होते. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद शरद पवार यांच्याकडे, तर गुजरातचे छबिलदास मेहता यांच्याकडे होते. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेची पथके बाधित भागांत गेली व रुग्णांचे नमुने तपासणीसाठी गोळा करण्यात आले. औषधांचा पुरवठा वाढवण्यात आला. रुग्णांच्या संपर्कातील व्यक्तींना प्रतिबंधक मात्रा देणे, रुग्णांना स्वतंत्र कक्षांत ठेवणे आणि कचरा उचलणे ही कामे वेगाने हाती घेण्यात आली. दिल्लीत संशयित रुग्णांसाठी संसर्गजन्य रोग रुग्णालयात सोय करण्यात आली व काही काळ शाळा बंद ठेवण्यात आल्या.

सुरतमध्ये मोठ्या प्रमाणावर झालेल्या प्रतिजैविकांच्या वाटपामुळे रुग्णसंख्या लवकर घटली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर साथ ओसरली. शहर सोडून गेलेल्या लोकांमुळे देशभर फुप्फुसाच्या प्लेगचा उद्रेक होईल ही भीती खरी ठरली नाही.

रुग्णांच्या संख्येबाबत मात्र एकमत झाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत १९९४ या वर्षासाठी भारतातील ८७६ रुग्ण व ५४ मृत्यू दाखवले आहेत. दुसऱ्या एका प्रचलित गणनेनुसार ६९३ संशयित रुग्ण व ५६ मृत्यू झाले. या गणनेत महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व दिल्ली येथील रुग्ण आहेत. मृत्यू प्रामुख्याने सुरतमध्ये झाले. कोणाला 'संशयित' म्हणावे व कोणाला 'निश्चित', याची समान व्याख्या सर्वत्र वेळेवर लागू न झाल्याने असा फरक पडतो.

निदानाचा वाद

हा रोग खरोखर प्लेगच आहे का, हा प्रश्न साथीच्या काळात व नंतरही विचारला गेला. सुरतमध्ये प्रत्यक्ष जिवाणू वेगळा करून दाखवण्यास विलंब झाला. अनेक रुग्णांना नमुने घेण्याआधीच प्रतिजैविके दिलेली होती. त्यामुळे जीव वाचले, पण जिवाणू वाढवून दाखवणे अवघड झाले. मेलिऑयडोसिस, हंताव्हायरस अशा पर्यायी शक्यता काही तज्ज्ञांनी मांडल्या.

केंद्र सरकारने ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक सल्लागार समिती नेमली. समितीने उपलब्ध पुराव्यांवरून साथ प्लेगचीच असल्याचा निष्कर्ष काढला व रोगसर्वेक्षण बळकट करण्याची शिफारस केली. पुढे हैदराबादच्या कोशिकीय व आण्विक जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासातही येर्सिनिया पेस्टिस या जिवाणूची ओळख पटली. निर्विवाद उत्तर मिळाले तेव्हा साथ संपून बराच काळ लोटला होता.

आंतरराष्ट्रीय व आर्थिक परिणाम

त्या काळी लागू असलेल्या १९६९च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार प्लेग, पटकी व पीतज्वर हे कळवणे बंधनकारक असलेले रोग होते. जागतिक आरोग्य संघटनेने भारताशी प्रवास किंवा व्यापार थांबवण्याची शिफारस केली नव्हती. तरीही अनेक देशांनी भारताकडे जाणारी विमानसेवा स्थगित केली, भारतीय प्रवाशांवर निर्बंध घातले आणि काहींनी भारतीय मालाची, विशेषतः खाद्यपदार्थांची, आयात थांबवली. ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय पथकाने भारतात येऊन पाहणी केली. पर्यटन व निर्यातीतील घट धरून भारताचे सुमारे १.७ अब्ज डॉलर इतके नुकसान झाल्याचा अंदाज पुढील अभ्यासांत मांडला गेला.

साथ प्रामाणिकपणे जाहीर करणाऱ्या देशाला अशी शिक्षा मिळत असेल, तर देश माहिती दडवण्याकडे झुकतील, हा धोका यातून स्पष्ट झाला. जागतिक आरोग्य सभेने १९९५ साली नियमांच्या पुनर्रचनेचा ठराव केला. सुधारित नियम २००५ साली संमत होऊन १५ जून २००७ पासून अमलात आले. त्यांत ठराविक रोगांच्या यादीऐवजी 'आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी' ही व्यापक संकल्पना स्वीकारण्यात आली.

नंतरच्या सुधारणा

सुरत महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून १९९५ साली आलेले एस. आर. राव यांनी कचरा व्यवस्थापन व सफाईची घडी नव्याने बसवली. अस्वच्छतेसाठी बदनाम झालेले हे शहर थोड्याच वर्षांत देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले.

राष्ट्रीय पातळीवर १९९७-९८ मध्ये संसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला. या व्यवस्थेत तीन स्तरांवरून दर आठवड्याला माहिती गोळा केली जाऊ लागली. उपकेंद्रातील आरोग्य सेविका लक्षणांवरून, वैद्यकीय अधिकारी संभाव्य निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीच्या निष्कर्षावरून नोंद करते. ही माहिती जिल्हा सर्वेक्षण कक्षात एकत्र होते व तेथून राज्याकडे आणि केंद्राकडे जाते. राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेचे २००९ साली राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र असे नामांतर झाले.

या बदलांच्या काळातही प्लेगचे छोटे उद्रेक झाले. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातील शिमला जिल्ह्यात फुप्फुसाच्या प्लेगचे १६ रुग्ण आढळले व चौघांचा मृत्यू झाला. २००४ साली उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात गाठीच्या प्लेगचे ८ रुग्ण आढळले व तिघे दगावले. दोन्ही वेळी रोगाचे निदान लवकर झाले, संपर्कातील लोकांना औषधे मिळाली आणि साथ त्याच परिसरात थांबली. सुरतसारखे पलायन झाले नाही.

मूल्यमापन

१८९७ साली शासनाकडे औषध नव्हते, पण अधिकार अमर्याद होते. त्या अधिकारांच्या वापराने लोक रोगाइतकेच सरकारलाही घाबरले. १९९४ साली औषध होते, पण रोग कोणता, किती पसरला व काय करावे याचे एकमुखी व विश्वासार्ह उत्तर वेळेत मिळाले नाही. दोन्ही प्रसंगी शासन व जनता यांच्यातील विश्वासाचा अभाव महाग पडला. २०२० साली कोविड-१९च्या साथीत देशातील पहिल्या रुग्णाचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाले. संदर्भ प्रयोगशाळांचे जाळे किती आवश्यक आहे, हे त्यातून दिसून आले. मात्र त्या साथीतही शहरांतून कामगारांनी मोठ्या संख्येने गावांकडे स्थलांतर केले. केवळ निदान लवकर होणे पुरेसे नसते, हे त्यावरून ध्यानात येते.

१९९४च्या साथीची पहिली खबर राजधानीतील कोणत्याही कार्यालयातून आली नव्हती. ती मामला गावातील मेलेल्या उंदरांच्या तक्रारीतून आली होती. अशी तक्रार कोणी ऐकून घेतो का, ती किती दिवसांत प्रयोगशाळेपर्यंत पोचते आणि तेथील उत्तर लोकांना किती स्पष्टपणे सांगितले जाते, या तीन गोष्टींवर राष्ट्रीय प्रतिसादाचे यश बव्हंशी अवलंबून असते.