ड्रॅगनच्या कातड्याचा भाव

दिवसभर लोकांचे ताळेबंद जुळवणारी सून रात्री ड्रॅगन मारत बसते, हे माझ्या सासूबाईंना पटत नाही. मला विचाराल तर दोन्ही कामं हिशेबाचीच.

‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ हा केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा ऑनलाइन गेम, २०१३ सालचा. त्यात चिलखतं शिवायची तर कातडं लागतं, आणि ते कोणीतरी रानात जाऊन आणावं लागतं. या कष्टाला खेळाडू ‘फार्मिंग’ म्हणतात.

हिरवा ड्रॅगन मेला की एक कातडं आणि एक हाडांचा संच हमखास मिळतो. जवळ वस्तू मावतात फक्त २८. खायला लॉब्स्टर जास्त घेतले तर मालाला जागा उरत नाही, कमी घेतले तर जिवावर बेततं. आगीपासून वाचवणारी ढाल हवीच. परत आल्यावर चांभार कातड्यामागे २० नाणी घेऊन ते कमावून देतो. तीन कातड्यांचा एक अंगरखा होतो, तोही शिवणाऱ्याचं कसब ६३व्या पातळीला पोचलं असेल तरच. गंमत म्हणजे अंगरखा विकून बरेचदा कातड्याचेही पैसे निघत नाहीत. शिवणारे कसब वाढवायला शिवतात, तोटा आनंदाने सोसतात. कमावतो तो कच्चा माल आणणारा.

कारण हे ड्रॅगन प्रामुख्याने ‘वाइल्डरनेस’मध्ये, आणि तिथे दुसरा खेळाडू तुम्हाला मारून सगळी लूट उचलू शकतो. कातड्याच्या भावात ही भीतीही धरलेली असते.

व्हेनेझुएलात महागाईने किमान पगार महिन्याला काही डॉलरांवर आला, तेव्हा तिथली तरुण मुलं तासन्‌तास हेच ड्रॅगन मारून, मिळालेली नाणी डॉलरांत विकून घर चालवू लागली. गेममध्ये त्यांना हेरून मारायचं कसं, याच्या सूचनाही २०१७मध्ये कोणीतरी लिहिल्या. काहींना तो विनोद वाटला. मला नाही.

नाणी अशी विकणं नियमबाह्य. पकडलं तर खातं बंद. पण जॅगेक्स स्वतः ‘बाँड’ विकते. तो खऱ्या पैशाने घ्यायचा आणि गेममध्ये नाण्यांना विकायचा. मी उलटं करते: कातडी विकून बाँड घेते, त्यात १४ दिवसांची वर्गणी भागते. म्हणजे पैसे देऊन नाणी घेतलेली चालतात, नाणी देऊन पैसे घेतलेले चालत नाहीत. असा एकतर्फी खातेउतारा माझ्याकडे कोणी आणला असता, तर मी दोन प्रश्न जास्तच विचारले असते.