जुनी स्पोर्ट्स कार : किंमत कशाची, मालक कोण?

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुनर्विक्रीवर काय बोलावं? पण किंमत कशाची असते, मालकी म्हणजे काय आणि वस्तू 'तीच' राहते म्हणजे नेमकं काय राहतं, हे तीन जुने प्रश्न या बाजारात जितके उघडे पडतात तितके आम्हाला ग्रंथांतही क्वचित दिसले. शिवाय तुमच्यापैकी पुष्कळजण डहाणू-तलासरीचे आहात. मुंबई-अहमदाबाद हायवे तुमच्या दारावरून जातो, त्यामुळे अशा गाड्या तुम्ही आमच्यापेक्षा जास्त पाहिल्या आहेत.

सुरुवात एका गाडीपासून करू. २००२ साली सचिन तेंडुलकरने त्रिनिदादला कसोटीतलं २९वं शतक काढलं आणि ब्रॅडमनशी बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली, आणि ती त्याच्या हाती सोपवली मायकेल शूमाकरने. गाडी भारतात आणताना आयातशुल्काचा प्रश्न आला. रक्कम १ कोटी १३ लाखांच्या घरात. सरकारने सूट दिली, त्यावर ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी शुल्क कंपनीनेच भरलं. पुढे २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली.

आता मुंबई-सुरत रस्ता डोळ्यांसमोर आणा. दहिसर, मनोर, चारोटी, दापचरी, तलासरी, अच्छाड आणि पुढे गुजरात. ती गाडी ताशी २९० किलोमीटरच्या वर जाऊ शकते. या रस्त्यावर कंटेनरच्या मागे लागून ती किती जाईल, हे तुम्हीच सांगा. याच रस्त्यावर चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. वेगाचं बोलताना ते विसरून चालत नाही. मग सुरतेच्या माणसाने घेतलं काय? प्रवासाची सोय तर नक्कीच नाही. दोन माणसं आणि एक-दोन बॅगा एवढंच त्या गाडीत मावतं.

ॲरिस्टॉटलने चपलेचं उदाहरण दिलं आहे. चप्पल पायात घालता येते आणि चप्पल देऊन दुसरं काही घेताही येतं. पहिला तिचा उपयोग, दुसरा विनिमय. पण स्पोर्ट्स कार या दोन खणांत पुरती बसत नाही. तिचा उपयोग म्हणाल तर आपल्या रस्त्यांवर जेमतेम. आमच्या मते, ॲरिस्टॉटलचाच दुसरा भेद इथे कामाला येतो : सामर्थ्य आणि कृती. स्पोर्ट्स कारचा मालक वेगाचा मालक नसतो, वेगाच्या शक्यतेचा मालक असतो. 'मी जाऊ शकतो, पण आज जात नाही' यात जे सुख आहे, त्याचे तो पैसे मोजतो. गंमत अशी की शक्यता वापरली नाही तर झिजत नाही, म्हणून कमी चाललेल्या गाडीला बाजारात मान. साध्या गाडीच्या बाबतीत 'गाडी चाललीच नाही' हे ऐकून गिऱ्हाईक बिचकतं.

पण यंत्राला हे तत्त्वज्ञान मान्य नाही. उभी गाडीसुद्धा खाते. त्या फेरारीच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट गाडी चालो न चालो, ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. टायरचं रबर वयाने कडक होतं. बॅटरी बसते. आणि समुद्राकाठी, म्हणजे डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात, खारी हवा दाराच्या खालच्या कडा आणि तळाचा पत्रा आतून पोखरते. वरून रंग चकचकीत असतो. तुमच्याकडे चिकूची बाग वयात येईल तशी तिची किंमत चढते. गाडीचं सहसा उलटं. विम्याचा तक्ताच बघा. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीची किंमत ५ टक्के कमी धरतात, वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, मग दर वर्षाला आणखी दहा-दहा, आणि पाचव्या वर्षाअखेर निम्मी. स्पोर्ट्स कारचा प्रत्यक्ष बाजारभाव याहूनही जोरात पडू शकतो. कारण सोपं आहे. नवीन घेऊ शकणाऱ्याला जुनी नको असते, आणि जुनी परवडणाऱ्याला तिची देखभाल परवडत नाही. पार्ट बाहेरून येतात, त्यांचे भाव नव्या गाडीच्या हिशेबाने. गाडीची किंमत उतरते, क्लचची उतरत नाही.

तरीही काही गाड्या पडता पडता थांबतात आणि उलट्या चढू लागतात. फेरारीची १९६२ ते १९६४ या काळातली २५० जीटीओ घ्या. अशा फक्त ३६ गाड्या बनल्या. २०१८ मध्ये अमेरिकेत मॉन्टेरेच्या लिलावात त्यांतली एक ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. ३६० मोडेनाच्या बाबतीतही हाताने गिअर टाकायची गाडी परदेशात आज जास्त भाव खाते; बटणाच्या गिअरची त्या काळी अधिक आधुनिक मानली जायची. म्हणजे सोय मागे पडली आणि हाताला काम देणारी वस्तू पुढे गेली. इतक्या दूर जायचं कारण नाही. आपल्याकडची यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल १९९६ मध्ये बंद झाली. आज नीट ठेवलेल्या आरएक्सला तिच्या मूळ किमतीहून कितीतरी जास्त मागतात, आणि देणारे देतात. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही दोन दारांची, फायबरच्या बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार आठवते का कुणाला? तीही दुर्मीळच आहे. पण नुसतं दुर्मीळ असून भागत नाही. तरुणपणी जी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहिली आणि घेता आली नाही, ती चाळिशीत पैसा आल्यावर शोधली जाते. स्टॉर्मचं कॅलेंडर फारसं कुणाच्या भिंतीवर नव्हतं.

आता बाजाराच्या आत शिरू. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो. सरासरी भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. तो बाजारातून निघून जातो आणि मागे उरतो तो भंगार माल. स्पोर्ट्स कारला हे दुप्पट लागू, कारण ती आधीच्या मालकाने कशी हाकली हे मीटरवर दिसत नसतं. शिवाय मीटर मागे फिरवणारेही आहेतच.

यावर लोकांनी आपल्या परीने तोड काढली आहे. मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात 'पारशी मालकाची गाडी' हे शब्द ऐकले की भाव वाढतो. डहाणू-घोलवडला पारशी-इराणी बागायतदारांची घरं आहेत, त्यामुळे तुम्हाला समजावून सांगायला नको. ही जातीची स्तुती नव्हे. घेणाऱ्याला गाडीची खात्री करता येत नाही, म्हणून तो माणसाची खात्री धरतो. 'फर्स्ट ओनर', 'डॉक्टरांची गाडी', 'सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या आहेत', हे सगळे त्याचेच प्रकार. सचिनच्या फेरारीत ही गोष्ट टोकाला गेली. तिथे आधीचा मालक हाच गाडीचा सगळ्यात महागडा पार्ट होता.

इथे एक जुना संवाद आठवतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ कोणता? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि मग निघतं की 'रथ' हे या सगळ्या भागांच्या मेळाला व्यवहारापुरतं दिलेलं नाव आहे. जुन्या स्पोर्ट्स कारचं हेच. इंजिन बदललं, सीट बदलल्या, दोनदा रंग मारला, तरी गाडी 'तीच' का? आरटीओने नागसेनाला एका झटक्यात उत्तर देऊन टाकलं आहे : चॅसिस नंबर. तो पत्र्यावर ठोकलेला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला की रथ तोच. संग्राहक तेवढ्यावर थांबत नाही. इंजिनाचा नंबरही कारखान्यातून निघाला तेव्हाचाच हवा म्हणतो, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजतो. आम्हाला विचाराल तर इथे राजापेक्षा संग्राहक जास्त हट्टी आहे.

आता मालकी. यात खरी अडचण तुमच्या सीमेवरच उभी आहे. गुजरातेत खासगी मोटारीला कर साधारण ६ टक्के. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के आणि आयात केलेल्या गाडीला २० टक्के. म्हणून तलासरीकडच्या माणसाला गुजरात पासिंगची किंवा दमण पासिंगची गाडी स्वस्त दिसते. अच्छाडच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच गाडीचे दोन भाव. पण गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमात आहे. त्यासाठी मूळ कार्यालयाची ना हरकत आणायची, इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा, आणि तिकडचा उरलेला कर परत मागायचा. हा खर्च धरला की स्वस्ताई बरीचशी विरघळते. म्हणून लोक काय करतात? टीटी फॉर्मवर सही घेतात, पैसे देतात, गाडी आणतात आणि नाव तसंच ठेवतात.

समजा, उधव्याच्या एका तरुणाने अशी दहा वर्षांची दोन दारांची जर्मन गाडी वापीच्या माणसाकडून घेतली. वस्तुविक्रीच्या १९३०च्या कायद्याने पाहिलं तर पैसे दिले, गाडी ताब्यात आली, व्यवहार पुरा झाला. मालक हा तरुण. मोटार वाहन कायद्याने पाहिलं तर ज्याचं नाव आरसीवर, तो मालक. एकाच गाडीला कायद्याचेच दोन मालक. मग चारोटी नाक्यावर अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच, हातोहात पुढे विकल्या गेलेल्या गाडीच्या प्रकरणात सांगितलं की नोंदलेला मालकच जबाबदार. जखमी माणसाने किंवा मेलेल्याच्या घरच्यांनी विक्रीच्या साखळीमागे धावत बसू नये, हा त्यामागचा विचार आहे आणि तो आम्हाला पटतो. म्हणजे वापीचा विकणारा गाडी विसरून गेला तरी गाडी त्याला विसरत नाही. आणि तरुणाचं काय? तिऱ्हाइताचा विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कंपनीला कळवून नावावर करून घेतल्याशिवाय येत नाही. स्पोर्ट्स कारचा एक पुढचा दिवा फुटला तरी काय बिल येतं, ते विचारून बघा.

तलासरीत हे सांगायची तशी गरज नाही. कसतो कोण आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचं, या फरकापायी इथल्या वारली माणसांनी काय सोसलं आणि १९४५ पासून गोदावरी परुळेकरांबरोबर कसा लढा दिला, हे या तालुक्याला पाठ आहे. गाडीची चैन आणि जमिनीचं जगणं यांची तुलना होऊ शकत नाही. पण कागदाची रचना मात्र विलक्षण सारखी आहे. सातबाऱ्याला 'इतर हक्क' असतात, तसा आरसीवर बँकेचा बोजा असतो. बोजा असलेली गाडी विकणारा अर्धीच गाडी विकत असतो.

तेव्हा कोणी अशी गाडी घेत असेल तर आमचं सांगणं इतकंच. हौस असेल तर घ्या, गुंतवणूक म्हणून घेऊ नका; चढणारी गाडी हजारात एखादी, आणि ती आधीच कुणाच्या तरी गॅरेजात झाकून ठेवलेली असते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२वा आठवडा. मीटर कमी दाखवतोय आणि टायर वयाने म्हातारे आहेत, तर गाडी नुसती उभी होती. टायरचा खर्च भावातून वजा करा. पायाखालची चटई उचलून गंज बघा. आयात केलेली आणि १५ वर्षं उलटलेली गाडी असेल तर पुन्हा नोंदणीची फीच २०२२ मध्ये ४० हजार झाली होती; आजची फी विचारून तीही हिशेबात धरा. चॅसिस नंबर स्वतः बोट लावून वाचा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, परराज्यात ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. दलालाने 'होऊन जाईल' म्हटलं तरी गाडीच्या नंबरापुढे नवं नाव लागल्याचं स्वतः बघेपर्यंत, विकणाऱ्याने टीटी फॉर्मची पोच आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहून दोघांच्या सह्या घेतलेला कागद जपून ठेवावा.