खातेदारास सर्वांत शेवटी का?

एखाद्या पतपेढीवर रात्री दरोडा पडला, तर सकाळी तिच्या दारात पोलीस दिसतात आणि दुपारपर्यंत ती बातमी गावभर होते. ठेवीदार पासबुक घेऊन धाव घेतो. इंटरनेटवर व्यवहार करणाऱ्या कंपनीकडील माहिती चोरीस जाते तेव्हा मात्र कुलूप, कडीकोयंडा सारे जागच्या जागी असते. कारण चोराने नेलेली असते ती केवळ नक्कल. कंपनीने सांगितल्यावाचून ग्राहकास चोरीचा पत्ता लागण्याचा मार्ग बहुधा नसतो. म्हणूनच सांगण्याचे कर्तव्य येथे अधिक कठोर मानले पाहिजे.

याहू कंपनीचे उदाहरण जुने झाले असले, तरी आम्हांस ते विसरता येत नाही. तारवावर गेलेल्या मुलाची खुशाली विचारण्यासाठी सायबर कॅफेत बसून उघडलेली याहूची खाती गोव्यातही होती. २०१४ च्या अखेरीस या कंपनीच्या किमान ५० कोटी खात्यांची माहिती चोरांनी नेली. कंपनीच्या सुरक्षा विभागास हे त्याच डिसेंबरात समजले होते. जगाला सांगण्यात आले ते सप्टेंबर २०१६ मध्ये! त्याआधीची, २०१३ मधील चोरी ३०० कोटी खात्यांची, म्हणजे झाडून साऱ्यांची होती, हे कळावयास तर ऑक्टोबर २०१७ उजाडला. एवढा काळ बिचारा खातेदार तोच परवलीचा शब्द निर्धास्तपणे वापरीत राहिला. शब्द एक वेळ बदलता येतो. परंतु चोरीच्या मालात जन्मतारखा होत्या आणि काही खात्यांच्या बाबतीत ओळख पटविण्यासाठी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेही होती. आईचे माहेरचे आडनाव हा असल्या प्रश्नांतील नेहमीचा प्रश्न. ते कोणी कसे बदलावे?

पुढे व्हेरायझनने याहूचा व्यवसाय घेताना या चोऱ्यांपायी किंमत ३५ कोटी डॉलरने उतरवून घेतली. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला, तोही गुंतवणूकदारांना अंधारात ठेवल्याबद्दल. खातेदारांस भरपाईसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आपल्याकडेही क्रम फारसा निराळा नव्हता. एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये अशी घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेस कळविणे सक्तीचे झाले. ग्राहकास कळविण्याचे बंधन त्यात नव्हते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते घातले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. काय घडले, त्याचे परिणाम काय, ग्राहकाने कोणती काळजी घ्यावी, हे विनाविलंब व सोप्या शब्दांत कळवावे, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले नियम सांगतात. ही तरतूद अमलात येण्यास मात्र तेथून १८ महिन्यांची मुदत! कसूर केल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो सरकारी खजिन्यात जावयाचा. ज्याची माहिती गेली त्यास त्यातील दमडीही नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे ४३-अ हे कलमच वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

आणखी एक उणीव आम्हांस खटकते. ग्राहकाची संमती मागताना आठव्या अनुसूचीतील भाषांचा पर्याय देणे कायद्याने आवश्यक केले आहे. चोरीची सूचना देताना तसे बंधन नाही. मराठीत वा कोंकणीत होकार घेणाऱ्या कंपनीने ही वार्ता इंग्रजीत, सवलतींच्या जाहिरातींत मिसळून धाडली, तर फोंडा वा काणकोण येथील वृद्ध खातेदार ती उघडणारही नाही. ज्या भाषेत संमती घेतली त्याच भाषेत सूचना द्यावी, एवढे एक वाक्य केंद्र सरकारने नियमांत घालावे.