पाणबुडीचा कप्तान नदीत

1971 च्या आरमारी युद्धाचा विषय निघाला की आपण कराचीवरचा हल्ला आणि ‘खुकरी’ यांच्यापाशीच थांबतो. मीही वर्गात तेच सांगत आलो. कमांडर मोहन नारायणराव सामंत हे नाव मला फार उशिरा कळले. त्यांचे कामच गुप्त होते.

सामंत पाणबुडीवाले. 1969 मध्ये रिगा येथे ‘करंज’ पाणबुडी आपल्या नौदलात दाखल झाली, तिचे ते पहिले कप्तान. 1971 मध्ये मात्र निराळेच काम वाट्याला आले. प्लासीजवळ भागीरथीकाठी छावणी पडली आणि पूर्व बंगालमधील तरुणांना जहाजे बुडविण्याचे शिक्षण सुरू झाले. हत्यार म्हणजे लिंपेट सुरुंग. तो छातीशी बांधून पोहत जायचे आणि पाण्याखाली जहाजाच्या अंगाला लावायचा. चुंबकामुळे तो चिकटून बसे. त्यातली एक गुडी पाण्यात विरघळली की स्फोट. ती विरघळायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच परत पोहायला. गुडी आधीच भिजू नये म्हणून तिच्यावर चक्क निरोध चढवीत! 15 ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत हे पोरगे उतरले. इशारा मिळाला तो आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्राने लावलेल्या गाण्यांतून.

डिसेंबरात सामंत स्वतः निघाले. कलकत्ता बंदराच्या दोन बोटींवर तोफा बसवून केलेल्या ‘पद्मा’ व ‘पलाश’, आणि सोबत आपली ‘पनवेल’. सुंदरबनातल्या अनोळखी पाण्यातून 10 डिसेंबरला त्यांनी मोंगला गाठले व तसेच पुढे खुलन्याकडे गेले. तेथे वरून विमाने आली, ती आपलीच. ओळखीसाठी बोटींवर पिवळी खूण केलेली होती, तरी घात झालाच. पद्मा आणि पलाश बुडाल्या. पाण्यात माणसे, काठावर शत्रूच्या तोफा. त्या माऱ्यात सामंतांनी वाचलेल्यांना बाहेर काढून सुरक्षित जागी पोचते केले. पुढे त्यांना महावीर चक्र मिळाले. माझ्या मते ते मोंगल्यापेक्षा या घटकेचे आहे. आपल्याच माणसांच्या चुकीनंतर डोके ठिकाणावर ठेवणे सोपे नाही.

पलाशच्या इंजिनखान्यातला रुहुल अमीन त्या दिवशी गेला. बांगलादेशाने त्याला बीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च किताब दिला. तो मिळालेले सातच. सामंतांनी या मोहिमेवर एका पत्रकारासोबत लिहिलेले पुस्तक 2019 मध्ये आले, आणि त्याच वर्षी मुंबईत ते वारले.