फुलांचंही आडनाव असतं!

सर्वप्रथम एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. दुसरी कबुली म्हणजे दहावीनंतर मी बायोलॉजीला रामराम ठोकला आणि अकरावीला त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. बेडूक नको, फुलं नकोत, डायग्राम नकोत! मग आज फुलांच्या कुलांवर लेख कशाला? तर त्याला कारणीभूत आहे आमचा मिनी-प्रोजेक्ट.

विषय नेहमीचाच : जट्रोफाच्या बियांपासून बायोडिझेल. जट्रोफा म्हणजे आपल्याकडचा मोगली एरंड. 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड करायची शिफारस केली होती. 2009 च्या जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. ते काही गाठलं गेलं नाही, पण प्रोजेक्टच्या यादीत जट्रोफा अजून जिवंत आहे! आम्ही पिशवीभर बिया आणल्या आणि लॅबच्या मागच्या कट्ट्यावर बसून फोडायला लागलो. काळं कवच फोडलं की आत पांढरा गर. आमच्या ग्रुपमधल्या एका हीरोने एक चाखून बघितली. "अरे, शेंगदाण्यासारखी लागते!" म्हणत अजून चार-पाच खाल्ल्या.

तासाभराने त्याला उलट्या सुरू झाल्या. पोटात आग, मग जुलाब. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कसल्या बिया खाल्ल्या?" एकजण म्हणाला "जट्रोफा", मी म्हणाले "एरंड", तिसरा म्हणाला "बायोडिझेल"! डॉक्टर वैतागून म्हणाले, "एरंड की मोगली एरंड, ते नक्की सांगा." ही दोन वेगळी झाडं आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. शेवटी एकाला परत पाठवून पिशवी मागवली. रात्रभर सलाईन लागलं, हीरो वाचला. पण बाकावर बसून ती रात्र काढताना आमची काय अवस्था झाली ते आमचं आम्हाला माहीत.

खरी चपराक दुसऱ्या दिवशी बसली. आमच्या रिपोर्टमध्ये, लिटरेचर सर्व्हेच्या दुसऱ्या पानावर, मीच टाइप केलेली ओळ होती : "फॅमिली : युफोर्बिएसी". कॉपी-पेस्ट! व्हिस्कॉसिटी पाठ, फ्लॅश पॉइंट पाठ, पण या शब्दाचा अर्थ चौघांपैकी एकालाही माहीत नव्हता.

आमच्या सोसायटीत बॉटनीच्या निवृत्त प्राध्यापिका राहतात, आम्ही त्यांना काकू म्हणतो. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, खुद्द एरंडाचं कुल ते! एरंडाच्या बीमध्ये रायसिन असतं, मोगली एरंडात कर्सिन आणि फोर्बॉल एस्टर्स. त्या आडनावाची बी कुणी न विचारता तोंडात टाकतं का?" आणि त्यांनी माझ्या हातात एक जास्वंद आणि ब्लेड ठेवलं. पुढचे तीन रविवार मी जे शिकले ते थोडक्यात सांगते.

पान की फूल?

कुल म्हणजे वनस्पतीचं आडनाव समजा. एका घरातल्या माणसांची नाकं जशी मिळतीजुळती असतात तशी एका कुलातल्या फुलांची रचना मिळतीजुळती असते. पण ओळखायचं पानावरून नाही. पान ऊन-पाणी-माती बघून सहज बदलतं. फुलाची रचना बी तयार करण्याच्या कामाशी बांधलेली असल्यामुळे सावकाश बदलते. आपल्या भाषेत, पान म्हणजे गाडीची बॉडी आणि फूल म्हणजे इंजिन. कंपनी ओळखायची तर बॉनेट उघडायला हवं.

काकूंचे प्रश्न पाचच : पाकळ्या किती, सुट्या की जोडलेल्या? पुंकेसर किती, सुटे की जोडलेले? ज्याचं पुढे फळ होतं तो बीजांडकोश पाकळ्यांच्या वर की खाली? हे एकच फूल आहे की अनेक फुलांचा झुबका? आणि फळ कसं आहे? हो-नाही करत पुढे जायचं, म्हणजे चक्क इफ-एल्स! हसू नका, लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1778 मध्येच फ्रान्सच्या वनस्पती ओळखायला अशी दोन-दोन पर्यायांची किल्ली वापरली होती.

स्वयंपाकघरापासून सुरुवात

जास्वंदीच्या फुलातून जी लांब दांडी बाहेर येते ती म्हणजे सगळे पुंकेसर एकत्र जोडून झालेला पाइप. त्याच्या आतून स्त्रीकेसर जातो आणि टोकाला पाच ठिपके दिसतात. पाइपमध्ये पाइप! हे दिसलं की कुल माल्व्हेसी. भेंडी, कापूस, अंबाडी यांची फुलं बघा, तोच पाइप. भेंडीचा बुळबुळीतपणासुद्धा या घराण्याचा गुण.

वांग्याचं जांभळं फूल घ्या. पाच पाकळ्या एकमेकींना जोडून चांदणी झालेली आणि मधे पाच पिवळे पुंकेसर. फुलाखालची हिरवी वाटी फळ मोठं झालं तरी गळत नाही. वांग्याची टोपी म्हणतो ती हीच. टोमॅटो आणि मिरचीलाही ती असते. हे सोलॅनेसी कुल. बटाटा यातलाच, पण तंबाखू आणि महादेवाला वाहतो तो धोतराही यातलाच. एकाच घरात भाजी पण आणि विष पण!

मोहरी आणि मुळ्याच्या फुलाला चार पाकळ्या, अधिकच्या चिन्हासारख्या. पुंकेसर सहा, त्यातले चार लांब आणि दोन आखूड. हे ब्रॅसिकेसी. कोथिंबीर फुलोऱ्यावर आली की एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्या निघाव्यात तशा दांड्या निघतात. हे एपिएसी. जिरं, ओवा, बडीशेप, गाजर सगळे याच छत्रीखाली. काकडी-भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी आधीच तयार असते, म्हणजे बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली. हे कुकर्बिटेसी.

तुळशीची कोवळी काडी बोटांत फिरवून बघा, ती गोल नाही, चौकोनी लागते! समोरासमोर पानं आणि ओठ उघडल्यासारखं फूल, म्हणजे लॅमिएसी. पुदिना आणि सब्जाही यातले.

वाटाणा, तूर, हरभरा यांच्या फुलात एक मोठी पाकळी वर, दोन बाजूला आणि दोन खाली होडीसारख्या जुळलेल्या. हे फॅबेसी. पण गुलमोहर, बहावा, बाभूळ आणि दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो तो आपटाही याच कुलात आहेत आणि त्यांची फुलं अशी नसतात. मग समान काय? शेंग!

चाफा, तगर, सदाफुली यांच्या पाच पाकळ्या एकाच दिशेने पिळलेल्या असतात, हुबेहूब पंख्याची पाती. बहुतेकांना तोडलं की पांढरा चीक येतो. हे ॲपोसायनेसी. कण्हेर आणि पिवळी बिट्टीही यातलीच, आणि त्यांचं विष थेट हृदयावर काम करतं. बिट्टीच्या बिया लहानपणी खेळायला घेतल्या असतील तर आता घरातल्या छोट्यांना जरूर सांगा.

आणि आमची युफोर्बिएसी? नर आणि मादी फुलं वेगळी, दिसायला बहुधा लहान आणि बिनरुबाबाची. फळ मात्र पक्की खूण : तीन कप्पे, बहुतेक प्रत्येकात एक बी. एरंडाचं बोंड तसंच, जट्रोफाचंही तसंच. कुंपणाच्या शेर-थोराला चीक येतो, तेही याच घरातले. थोराला आपण निवडुंग म्हणतो खरं, पण फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, त्याचं कुलच वेगळं.

नाव सोनूबाई…

नावावर जाऊ नका याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. गाजर गवत! ते मूळचं अमेरिका खंडातलं. पुण्यात सापडल्याची नोंद 1956 साली प्रसिद्ध झाली आणि भारतातल्या त्याच्या प्रसाराची गोष्ट साधारण तिथूनच सांगितली जाते. आज रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर, सगळीकडे तेच. कुणाच्या अंगाला खाज सुटते, कुणाला दम लागतो. पान गाजरासारखं म्हणून "गाजर", फोफावतं म्हणून "गवत". पण फुलोरा जवळून बघा, छत्री कुठेच नाही. एकेक पांढरा ठिपका म्हणजे अनेक बारीक फुलांचा झुबका, कडेला पाच टोकं. ही झेंडू-शेवंती-सूर्यफुलाची रचना, कुल ॲस्टरेसी. म्हणजे ते गाजराचं नाही आणि गवताचंही नाही. नावातले दोन्ही शब्द खोटे! (आणि हो, झेंडूची "पाकळी" म्हणून आपण जी उपटतो ते एक आख्खं फूल असतं.)

परीक्षा द्यायची असेल तर गणपतीनंतर सिंहगडावर जा. भजी खाण्याआधी उतारावरच्या पिवळ्या फुलांपाशी थांबा. लांबून सगळी सारखीच वाटतात. जवळून बघितलं तर सोनकीचं प्रत्येक "फूल" हा झुबका असतो, म्हणजे ॲस्टरेसी. शेजारच्या कवल्याला वर एक पाकळी, तिच्यावर दोन लाल ठिपके, म्हणून ट्रेकर मंडळी त्याला मिकी माऊस म्हणतात. खाली होडी दिसली की समजायचं, फॅबेसी. फक्त फुलं तोडू नका, गुडघ्यावर बसून बघा.

आता दोन सावधगिरीच्या सूचना. एक, आडनाव कळलं म्हणजे खायचा परवाना मिळाला असं नाही. गुंजसुद्धा शेंगवालीच आहे, पण तिची बी अत्यंत विषारी. सॉक्रेटिसला दिलेलं हेमलॉक कोथिंबिरीच्या कुलातलं. कुल आपल्याला फक्त एवढं सांगतं की शोध कुठून सुरू करायचा आणि कुणापासून जपून राहायचं. दोन, ही आडनावं बदलतात. 1998 पासून डीएनएच्या आधारे नवी मांडणी होत आली आहे. रुई आता कण्हेरीच्या कुलात आहे, काटेसावर जास्वंदीच्या आणि एवढा थोरला साग चक्क तुळशीच्या! एरंडाच्या कुलात असलेला आवळा मात्र वेगळा निघाला. तेव्हा जुनं पुस्तक वाचताना गोंधळू नका.

"पण हे सगळं इंजिनियरला कशाला?" असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी थिओडोर कुक. हा आयरिश माणूस 1860 मध्ये मुंबई-बडोदा रेल्वेवर इंजिनियर म्हणून आला, वसईचा लोखंडी पूल त्याने बांधला. 1865 मध्ये तो पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा प्रिन्सिपल झाला, म्हणजे आजची सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी. निवृत्तीनंतर त्याने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर "फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे" हा ग्रंथ लिहिला, तो 1901 ते 1908 या काळात भागाभागाने निघाला. आपल्या भागातल्या वनस्पतींचे अभ्यासक अजूनही तो उघडतात. कोरेगाव रोडवरच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या ऑफिसात आणि आघारकर संस्थेत वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रह आहेत, तिथेही ही कुलांचीच भाषा चालते. सांगायचा मुद्दा, पूल बांधणाऱ्या माणसाला फुलं मोजायला कमीपणा वाटला नाही.

आमच्या प्रोजेक्टचं काय झालं? ती कॉपी-पेस्ट केलेली ओळ आम्ही काढली नाही. तिच्याखाली चार ओळी आमच्या हाताने लिहिल्या : कुल कसं ओळखायचं, बियांमध्ये काय असतं, हाताळताना काय काळजी घ्यायची. लॅबमधल्या बरणीवर मोठ्या अक्षरात "विषारी" अशी चिठ्ठी लावली. वायवाला एक्स्टर्नलनी रिपोर्ट उलटापालटा केला आणि नेमकं त्याच पानावर बोट ठेवून विचारलं, "युफोर्बिएसी म्हणजे काय?"

आम्ही तिघांनी हीरोकडे बघितलं. तो म्हणाला, "सर, तीन कप्प्यांचं फळ. आणि खायचं नाही."