महिला गोल्फ कोण पाहते? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

महिलांचे व्यावसायिक गोल्फ गोल्फरसिक पाहतात का, या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर मिळते. त्यामागे अंतर, ताकद, कंटाळा आणि अनोळखी नावे अशी कारणे सांगितली जातात. ही कारणे इतक्या वर्षांपासून सांगितली जात आहेत, की ती तपासून पाहण्याची गरज फारशी कुणाला वाटलेली नाही. प्रत्यक्षात जगातल्या ज्या देशांत हा खेळ नियमितपणे आणि थेट दाखवला जातो, तेथील चित्र याच्या उलट आहे, आणि जेथे तो पाहिला जात नाही तेथील कारणे खेळाच्या दर्जापेक्षा तो कसा व किती दाखवला जातो याच्याशी अधिक निगडित आहेत. त्यामुळे या विषयातील पाच प्रचलित समजुती वस्तुस्थितीशी ताडून पाहणे उपयुक्त ठरेल.

गैरसमज १ : महिलांचे गोल्फ कोणी पाहतच नाही.

वस्तुस्थिती : ही समजूत प्रामुख्याने अमेरिकी दूरचित्रवाणीच्या अनुभवावर आधारलेली आहे. दक्षिण कोरियात महिलांच्या देशांतर्गत टूरवर, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या हंगामभर चालणाऱ्या स्पर्धामालिकेत, वर्षाला तीसच्या आसपास स्पर्धा होतात, तर पुरुषांच्या टूरवर त्यांची संख्या त्याहून बरीच कमी असते. जपानमध्येही महिलांच्या स्पर्धा पुरुषांच्या स्पर्धांपेक्षा अधिक आहेत. पुरस्कर्ते स्वतःचा पैसा जेथे प्रेक्षक असतात तेथेच लावतात, आणि या दोन्ही देशांत त्यांनी आपला कौल दिलेला आहे.

कोरियातील ही आवड एका दिवसात निर्माण झाली नसली, तरी तिचा आरंभबिंदू मात्र अचूक सांगता येतो. जुलै १९९८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्लॅकवुल्फ रन मैदानावर यूएस विमेन्स ओपनचा निकाल बरोबरीमुळे लांबला आणि वीस वर्षांच्या से री पाकला जेनी चुआसिरिपॉर्नविरुद्ध निर्णायक जादा फेरी खेळावी लागली. त्या फेरीच्या अठराव्या होलवर पाकचा चेंडू तळ्याच्या उतरत्या काठावर, दाट गवतात जाऊन थांबला. दंडाचा फटका स्वीकारून चेंडू सोईच्या जागी ठेवण्याची मुभा असताना तिने बूट आणि मोजे काढले, पाण्यात पाय रोवून उभी राहिली आणि चेंडू बाहेर काढला. उन्हाने रापलेल्या पोटऱ्या आणि मोज्यांखाली गोरे राहिलेले पाय यांतला फरक कॅमेऱ्याने टिपला, आणि सरावाच्या अगणित तासांचा तो पुरावा आर्थिक संकटाने खचलेल्या कोरियन लोकांच्या मनात कायमचा ठसला. अठरा होलनंतरही बरोबरीच राहिली आणि पाकने विसाव्या होलवर विजय मिळवला. तो सामना पाहून मैदानाकडे वळलेल्या मुलींच्या पिढीला पुढे ‘से रीची मुले’ असे नाव पडले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारी इन्बी पार्क याच पिढीतली आहे.

गैरसमज २ : महिलांचे फटके कमी अंतराचे असतात, त्यामुळे खेळही कमी दर्जाचा असतो.

वस्तुस्थिती : यातला पहिला भाग खरा आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब. त्याने अव्वल पुरुष व्यावसायिक सरासरी ३०० यार्डांच्या (सुमारे २७५ मीटर) आसपास, तर अव्वल महिला व्यावसायिक २५५ ते २६० यार्डांच्या आसपास चेंडू मारतात. मात्र गोल्फमध्ये अंतराला गुण मिळत नाहीत. ठरलेल्या होलमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू पोहोचवणे हाच या खेळाचा एकमेव निकष आहे.

येथे हौशी प्रेक्षकाने लक्षात घ्यावा असा एक तपशील आहे. चेंडू आणि क्लब यांचा वेग रडारने मोजणाऱ्या यंत्रणांच्या नोंदींनुसार महिला व्यावसायिकांच्या ड्रायव्हरचा वेग ताशी सुमारे ९४ मैल असतो, आणि सर्वसाधारण हौशी पुरुष खेळाडूचा वेगही जवळपास तेवढाच, म्हणजे ताशी सुमारे ९३ मैल असतो. वेग सारखा असूनही महिला व्यावसायिकेचा चेंडू तीसहून अधिक यार्ड पुढे जातो, कारण तिच्या क्लबचा मध्यबिंदू चेंडूवर बरोबर बसतो आणि हाताने दिलेला वेग वाया न जाता चेंडूत उतरतो. पुरुष व्यावसायिकांचा ताशी ११० मैलांच्या पुढचा वेग हौशी खेळाडूच्या शरीराला पेलणारा नसतो. महिला व्यावसायिकांची लय, तोल आणि अचूकता मात्र त्याला स्वतःच्या खेळात उतरवता येते. महिला गोल्फ आवडीने पाहणाऱ्या पुरुष खेळाडूंकडून हेच कारण वारंवार सांगितले जाते, आणि ते शिष्टाचारापोटी दिलेले नसून अनुभवातून आलेले असते.

दर्जाची थेट तुलना करण्याची संधी २०१४ मध्ये मिळाली, जेव्हा नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्ट येथील दुसऱ्या क्रमांकाच्या मैदानावर पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या दोन आठवड्यांत खेळली गेली. महिलांसाठी मैदानाची लांबी कमी ठेवण्यात आली होती, ती अशा हेतूने की हिरवळीकडचा फटका मारताना दोन्ही गटांच्या हाती साधारण सारखेच क्लब यावेत. पार म्हणजे मैदानासाठी अपेक्षित धरलेली फटक्यांची संख्या. पुरुषांत मार्टिन कायमर पारच्या नऊ फटके खाली राहून जिंकला आणि त्याच्याखेरीज दोघांनाच पारच्या खाली राहता आले, तर महिलांत विजेती मिशेल वी दोन फटके खाली राहिली आणि पारच्या खाली राहणारी ती एकटीच होती. मैदानाने दोन्ही आठवड्यांत सारखीच कठोर परीक्षा घेतली.

गैरसमज ३ : प्रेक्षक नाहीत, म्हणून प्रक्षेपण होत नाही.

वस्तुस्थिती : येथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली आहे. एलपीजीए ही अमेरिकेतील महिला व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना १९५० मध्ये तेरा खेळाडूंनी स्थापन केली. तिच्या स्पर्धांच्या अनेक फेऱ्या वर्षानुवर्षे थेट न दाखवता काही तासांनी, पुरुषांची स्पर्धा संपल्यावर उरलेल्या वेळेत दाखवल्या गेल्या. निकाल आधीच कळलेला खेळ पाहायला फार थोडे लोक बसतात. त्यातच कॅमेरे कमी असले, की एका फटक्यानंतर दुसरा फटका दिसेपर्यंत खेळाडू चालतानाच अधिक दिसतात. प्रेक्षक मग खेळच संथ आहे असे म्हणतो, परंतु संथ असते ते चित्रण.

गुंतवणूक वाढली की चित्र बदलते, याचे उदाहरण यूएस विमेन्स ओपनच्या बक्षीस रकमेत आहे. २०१४ मध्ये ती ४० लाख डॉलर होती, ती २०२४ मध्ये १ कोटी २० लाख डॉलर झाली. पुरुषांच्या यूएस ओपनची २०२४ मधील रक्कम २ कोटी १५ लाख डॉलर असल्यामुळे दरी अद्याप मोठी आहे, परंतु दहा वर्षांत तिपटीने झालेली वाढ प्रेक्षक नसलेल्या खेळाच्या वाट्याला येत नाही.

गैरसमज ४ : आशियाई खेळाडूंच्या वर्चस्वामुळे पाश्चात्त्य प्रेक्षक दुरावले.

वस्तुस्थिती : या समजुतीपोटी एलपीजीएने २००८ मध्ये खेळाडूंना इंग्रजी बोलता येण्याची अट घालण्याचे ठरवले होते, परंतु चौफेर टीका झाल्यावर काही आठवड्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. प्रेक्षक जोडला जातो तो राष्ट्रीयत्वाशी नव्हे, तर खेळाडूच्या वाटचालीशी. सोल येथे जन्मलेली आणि न्यूझीलंडकडून खेळणारी लिडिया को हिने रिओत रौप्य, टोकियोत कांस्य आणि २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्णपदक मिळवले आणि त्याच महिन्यात स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे विमेन्स ओपनही जिंकली. तिचे चाहते जगभर आहेत. त्याच वर्षी नेली कोर्डाने सलग पाच स्पर्धा जिंकून नॅन्सी लोपेझ आणि अनिका सोरेनस्टॅम यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. तिची ओळखही या पराक्रमामुळेच वाढली. ती अमेरिकी आहे हे त्यामागचे एकमेव कारण नव्हे.

गैरसमज ५ : भारतीय प्रेक्षकाला महिला गोल्फमध्ये रस नाही.

वस्तुस्थिती : ७ ऑगस्ट २०२१ ची पहाट या समजुतीला पुरेसे उत्तर देते. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरूची अदिती अशोक पदकाच्या स्पर्धेत असताना, ज्यांनी गोल्फचा एकही होल कधी पाहिला नव्हता अशा असंख्य भारतीयांनी भल्या पहाटे उठून दूरचित्रवाणी संच लावले आणि पार, बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) हे शब्द खेळ पाहता पाहता शिकून घेतले. जागतिक क्रमवारीत दोनशेच्या आसपास असलेल्या अदितीचे लांब पल्ल्याचे फटके इतर आघाडीच्या खेळाडूंपेक्षा बरेच मागे पडत होते. ते अंतर ती हिरवळीभोवतीच्या हळुवार फटक्यांनी आणि पटिंगने, म्हणजे चेंडू घरंगळवत होलमध्ये नेण्याच्या कौशल्याने, भरून काढत राहिली. अखेर ती चौथी आली आणि एका फटक्याने तिचे कांस्यपदक हुकले.

भारतात महिलांची स्वतंत्र व्यावसायिक मालिका दीड दशकाहून अधिक काळ सुरू आहे आणि तिच्या फेऱ्या पुण्यातील पूना क्लब व मुंबईतील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब यांच्या मैदानांवरही झाल्या आहेत. मराठी प्रेक्षकासाठी हा खेळ परका तर नाहीच, पण फारसा दूरचाही नाही.

या पाचही समजुतींचा एकत्रित विचार केला, तर एकच गोष्ट स्पष्ट होते. महिला गोल्फ पाहणारे लोक आहेत, आणि त्यांत स्त्रियांइतकेच स्वतः मैदानावर उतरणारे पुरुषही आहेत. जेथे खेळ वेळेवर, थेट आणि नीट दाखवला गेला, तेथे प्रेक्षक आले आणि टिकले. म्हणून या खेळाविषयी मत बनवण्यापूर्वी गोल्फरसिकाने एखाद्या मोठ्या महिला स्पर्धेची शेवटची फेरी पहिल्या फटक्यापासून अखेरच्या पटपर्यंत एकदा सलग पाहावी, आणि वृत्तपत्रांनी व वाहिन्यांनी त्याला ती पाहण्याची संधी द्यावी.