दुखणे सोसायचे की ऐकायचे?

शिराळ्याहून इस्लामपूरला जाणारी एस.टी. पेठ नाक्यावर थांबते. त्या पेठ गावचा एक मुलगा १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पाण्यात उतरला आणि ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्याने सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमध्ये भारताचे ते पहिले सुवर्णपदक. मुरलीकांत पेटकर हे त्यांचे नाव. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडावे लागले, आणि २०२४ साली त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कुठे आमच्याकडच्या पोरांना कळले की असा माणूस आपल्या शेजारच्याच गावचा.

चित्रपट पाहून आलेली आमच्या कबड्डी संघातील मुले एकच वाक्य घोळवीत होती. "दुखलं तरी थांबायचं नाही." मला ते खटकले. का खटकले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

पेटकर सैन्यात होते, बॉक्सर म्हणून नावाजलेले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्यानंतर ते पुन्हा बॉक्सिंगच्या रिंगणात उतरले नाहीत, उतरणे शक्यच नव्हते. पोहणे सुरू झाले ते पदकासाठी नव्हे, तर उपचाराचा भाग म्हणून. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. हायडेलबर्गचे सुवर्ण त्यानंतर चार वर्षांनी आले. म्हणजे जखम आणि पदक यांच्यात सात वर्षे गेली. चित्रपटात ही सात वर्षे काही मिनिटांत संपतात. माणसाला ती एकेक दिवसाने काढावी लागतात. पेटकर वेदनेवर धावून गेले असे मला वाटत नाही. शरीर आता काय करू शकते हे त्यांनी ओळखले आणि त्या वाटेने ते गेले.

आता माझी चूक सांगतो. मी पेशाने कारकून. संध्याकाळी वस्तीतल्या मंडळाच्या संघाचे रजिस्टर, प्रवेश फी आणि गाडीखर्च एवढे सांभाळतो. खेळातले ज्ञान बेताचेच. काही वर्षांपूर्वी एका यात्रेतील स्पर्धेत आमचा मुख्य चढाईपटू पकडीतून सुटताना वळला आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला. तो आवाज त्याने ऐकला, शेजारच्या गड्यानेही ऐकला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. दोन दिवसांनी उपांत्य सामना होता. मीच मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणली, क्रेप बँडेज गुंडाळले आणि म्हणालो, "एवढा एक सामना काढ, बाबा." तो माझा मान राखून उतरला. दुसऱ्याच चढाईत गुडघा त्याच्या अंगाखालून निसटला.

त्यानंतर घरच्यांनी गरम तेलाने चोळून घेतले. एक्स-रे काढला, त्यात हाड शाबूत दिसले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पाच महिन्यांनी एमआरआय झाला तेव्हा कळले, गुडघ्यातले मुख्य लिगामेंट तुटलेले होते आणि मधली गादीही फाटलेली होती. एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. ही एवढीशी गोष्ट मला त्या दिवशी माहीत असती तर!

कबड्डी, कुस्ती, फुटबॉल या खेळांत पाय जमिनीत रुतलेला आणि अंग वळलेले, अशा अवस्थेत हे लिगामेंट तुटते. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना आतून बांधून ठेवणारा तो दोर आहे. तुटल्यावर माणूस सरळ चालू शकतो. महिनाभरात सूज उतरते, दुखणेही कमी होते. इथेच फसगत होते. दुखत नाही म्हणजे बरे झाले असे समजून पोरगा मैदानात उतरतो, वळतो, आणि सैल झालेला गुडघा आतली गादीही फाडतो. आमच्या पोराची गादी कधी फाटली, कोण जाणे. बहुधा माझ्याच त्या सामन्यात.

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील ते पहिले वैयक्तिक पदक. पुढच्या ऑलिंपिकआधी त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि १९५६ ची संधी गेली. त्या काळी आजच्यासारखा एमआरआय नव्हता, दुर्बिणीतून लिगामेंट बसवण्याची सोय नव्हती. खाशाबांना ज्या गुडघ्याने थांबवले, तसल्या गुडघ्यानिशी आज परत येता येते. विनेश फोगाट हिला २०१६ साली रिओमध्ये स्ट्रेचरवरून बाहेर नेले, ते साऱ्या देशाने पाहिले. तीच मुलगी २०१८ साली जकार्ता येथे आशियाई सुवर्ण घेऊन आली. मधल्या दोन वर्षांचा हिशेब मात्र कोणी विचारत नाही.

तो हिशेब असा आहे. शस्त्रक्रिया हे निम्मेच काम. खरे काम नंतरच्या व्यायामात असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वेतील संशोधकांच्या एका अभ्यासात असे दिसले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळाडू जितके महिने थांबला, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून 'सहा महिने झाले, आता खेळ' हे कॅलेंडर पाहून बोलणे बरोबर नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाजवळ आली का, एका पायावर उडी मारून नीट उतरता येते का, हे फिजिओथेरपिस्टने तपासून सांगावे.

आणि सगळे परततात असेही नाही. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार या शस्त्रक्रियेनंतर १०० पैकी ८१ जण कुठला ना कुठला खेळ पुन्हा खेळले, ६५ जण पूर्वीच्या पातळीवर आले, आणि स्पर्धेत ५५ जणच उतरले. बाकीच्यांचा गुडघा वाईट होता असे नाही. कित्येकांच्या मनात भीती बसलेली असते. पाय टेकवताना तोच 'कट्' आवाज कानात येतो. आपल्याकडे याला भित्रेपणा म्हणतात. पोरगा पकडीत कचरला की बाहेरून आरोळी येते, "काय रे, बांगड्या भरल्यास काय?" ही आरोळी ठोकणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या गुडघ्यावर प्रयोग करून पाहावा.

मग दुखणे म्हणून काही सोसायचेच नाही काय? सोसायचे. दंडबैठका काढल्यावर दोन-तीन दिवस दोन्ही मांड्या ठणकतात, अंग गरम झाल्यावर ते कमी होते; हे दुखणे मेहनतीचे. पण एकाच जागी टोचणारे, सूज आणणारे, रात्री झोप मोडणारे, किंवा सांधा अडकल्यासारखा वा निसटल्यासारखा करणारे दुखणे वेगळे. ते दाबण्यासाठी गोळी घेऊन खेळणे म्हणजे निरोप आणणाऱ्यालाच हाकलून देणे होय. मार लागल्यावर पहिले दोन-तीन दिवस चोळू नये, शेक देऊ नये. आतला रक्तस्राव वाढतो. आणखी एक, स्पर्धेच्या वेळी कोणी स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊ केले तर नको म्हणावे. १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात ते उत्तेजक प्रतिबंधक नियमांनुसार निषिद्ध आहे.

खर्चाचा प्रश्न आपल्या घरांत सर्वात मोठा. कारकून म्हणून एवढेच सांगतो की पहिल्या दिवसापासूनची चिठ्ठी, एक्स-रे, एमआरआय सगळे एका पिशवीत जपून ठेवा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात जा, तेथील आरोग्यमित्राला भेटा आणि आपला उपचार योजनेत बसतो का ते आधी विचारा. कर्ज काढण्याचा विचार नंतर.

मुलींच्या बाबतीत जास्त वाईट. मुलाचा गुडघा गेला की घरात हळहळ. मुलीचा गेला की "बरं झालं, आता खेळ बंद" असे म्हणून स्थळे पाहायला सुरुवात होते. तपासणी राहतेच बाजूला. उद्या तिला संसारात, शेतात, नोकरीत याच गुडघ्यावर उभे राहायचे आहे, हे निदान आईने तरी बोलावे.

आटपाडी तालुक्यातील करगणीचा सचिन खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडला. डाव्या हाताचे हाड मोडले, जखम चिघळली आणि हात कायमचा अधू झाला. पुढे भालाफेकीत खांदा दुखावला, तेव्हा तो गोळाफेकीकडे वळला. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून त्याने रौप्यपदक मिळवले. आमच्याच जिल्ह्यातला हा दुसरा माणूस, ज्याने खेळ बदलला पण मैदान सोडले नाही.

आमच्या चढाईपटूची शस्त्रक्रिया झाली. साडेदहा महिने तो भिंतीला टेकून बसका, पायरी चढ-उतार आणि एका पायावर तोल, एवढेच करीत होता. मुले हसायची. तो परत आला तेव्हा पहिले दोन आठवडे त्याने कोणाला अंगाला हात लावू दिला नाही. परवा जवळच्या गावी स्पर्धा होती. संघ निवडताना सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या. एक चढाईपटू कमी पडत होता. फिजिओथेरपिस्ट बाईंनी अजून परवानगी दिली नव्हती. मी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे 'फक्त सराव' असे लिहिले. त्याने ते वाचले, काही बोलला नाही, आणि भिंतीकडे जाऊन पाठ टेकवून खाली बसायला लागला.